अडखळणाऱ्या वाणीला हवा श्रोत्यांचा धीर

(रत्नागिरी येथे प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पालक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रत्नागिरीच्या बसस्थानकावरून कोल्हापूरच्या वाटेने जाणाऱ्या एस. टी. गाडीत बसलेला एक विद्यार्थी आपण क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. त्याचे गाव पाली. वाहक जवळ येतो आणि ‘कुठे जायचं रे?’ असे विचारतो. मुलाला उत्तर अर्थातच ठाऊक आहे. परंतु त्याचे मिटलेले ओठ काही केल्या उघडत नाहीत. ‘प’ हे अक्षर जणू तेथे अडून बसते. मान आखडते, चेहरा लाल होतो, शेजारचे उतारू वळून पाहू लागतात. वाहकाला तर अजून निम्मी गाडी तिकिटे द्यायची असते. अखेर मुलगा घाईघाईने म्हणतो, ‘नाणीज.’ नाणीज पालीच्या पुढे आहे. तो जादा पैसे मोजतो, नाणीजचे तिकीट खिशात घालतो आणि पालीला मुकाट्याने उतरतो.

हा विद्यार्थी कोणी एक नव्हे. गावाचे नाव बदलेल, अक्षर बदलेल, परंतु आपल्याला सहज उच्चारता येईल अशा शब्दाच्या आश्रयाला जाऊन, प्रसंगी पदरचे नुकसान सोसून वेळ मारून नेणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. दुकानात हवी ती वस्तू न मागता दुसरीच घेऊन येणारी आहेत, दूरध्वनीची घंटा वाजताच घराबाहेर पडणारी आहेत आणि उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी आहेत. त्यांच्या या मूक हिशेबाचा पत्ता बहुधा घरच्यांनाही नसतो. आजचा विषय आहे तो अशा माणसांचा, आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या आपणा सर्वांचा.

वाणीदोष एक नव्हे, अनेक

आपल्या व्यवहारात ‘तोतरा’, ‘बोबडा’, ‘मुका’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात. वास्तविक या अवस्था भिन्न आहेत. ‘र’ ऐवजी ‘ल’ म्हणणारे किंवा ‘क’ ऐवजी ‘त’ म्हणणारे मूल बोबडे बोलते. ही उच्चाराची अडचण होय, आणि लहान वयात ती पुष्कळदा आपोआप दूर होते. टाळू दुभंगलेल्या मुलाचा आवाज नाकातून येतो. त्यासाठी शस्त्रक्रिया आणि त्यानंतर वाणीचे शिक्षण या दोहोंची गरज असते. जन्मतः ऐकू न येणारे मूल बोलत नाही ते जिभेत दोष असतो म्हणून नव्हे, तर शब्द कानी पडलेलेच नसतात म्हणून. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर एखाद्या कर्त्या पुरुषाची वाचा जाते, तेव्हा इजा मेंदूला झालेली असते.

तोतरेपणा या सर्वांहून वेगळा आहे. तोतऱ्या माणसाला शब्द माहीत असतात, उच्चार येतात, कान व जीभ निर्दोष असतात. अडथळा येतो तो बोलण्याच्या ओघात. कधी पहिले अक्षर पुन्हा पुन्हा येते, कधी एखादा ध्वनी लांबत जातो, तर कधी आवाजच फुटत नाही. हा अडथळा बहुधा शब्दाच्या आरंभी व वाक्याच्या आरंभी येतो, आणि स्वतःचे नाव सांगताना तो हमखास येतो. इतर शब्दांना पर्याय शोधता येतो. नावाला पर्याय नसतो.

आपल्या पूर्वजांनीही हे भेद ओळखले होते. सुश्रुतसंहितेत वाणीच्या विकारांचा उल्लेख करताना मूक, मिन्मिण आणि गद्गद असे तीन निराळे शब्द योजिले आहेत. न बोलणारा, नाकातून बोलणारा आणि अडखळत बोलणारा हे एकाच मापाने मोजायचे नाहीत, ही जाण त्यात दिसते.

किती जणांचा हा प्रश्न?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी वाचादोष असलेल्यांची संख्या सुमारे ४ लाख ७३ हजार होती. सबंध देशात ही संख्या २० लाखांच्या घरात होती. म्हणजे देशातील वाचादोषाच्या नोंदींपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या महाराष्ट्रातला.

जगभरच्या अभ्यासकांचा अनुभव असा की, शंभरांतील सुमारे पाच मुले बालपणी केव्हा ना केव्हा तोतरे बोलतात. आरंभ साधारणतः दोन ते पाच या वयात होतो. यांतील बहुसंख्य मुले, चारांपैकी सुमारे तीन, काही काळाने सुरळीत बोलू लागतात. प्रौढांमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास राहते, आणि त्यांत स्त्रियांपेक्षा पुरुष सुमारे चौपट असतात. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती. शंभरात एक हे प्रमाण धरले तर एवढ्या वस्तीत सोळा हजारांच्या आसपास माणसे ही अडचण घेऊन वावरत असावीत. हा केवळ अंदाज असला, तरी प्रश्न किती घरांचा आहे हे त्यावरून ध्यानी येते.

स्त्रियांची संख्या कमी म्हणून त्यांचा प्रश्न लहान, असे मात्र मानू नये. मुलगी अडखळते ही गोष्ट घरात झाकून ठेवली जाते. पाहण्याच्या कार्यक्रमात तिला कमी बोलण्याची सूचना मिळते, आणि तिचा अबोलपणा हा विनय म्हणून खपून जातो. उपचाराची वेळ मात्र तेवढ्यात निघून जाते.

कारण जिभेत नाही

तोतरेपणाविषयी जेवढे समज प्रचलित आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या विकाराविषयी असतील. मूल घाबरले म्हणून तोतरे झाले, शेजारच्या मुलाची नक्कल केली म्हणून झाले, आईने फार रागे भरले म्हणून झाले, अशी कारणे सर्रास सांगितली जातात. उपायही तसेच. कोठे जिभेला वेखंड लावतात, कोठे पोपटाने चोच मारलेला पेरू खाऊ घालतात, तर कोठे तोंडात खडे धरून बोलायला लावतात. हा शेवटचा उपाय फार प्राचीन आहे. ग्रीसमधील डेमॉस्थेनिस हा वक्ता तोंडात खडे धरून भाषणाचा सराव करीत असे, अशी कथा प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. लहान मुलाच्या तोंडात खडे देणे हे घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे, हे सांगावयास नकोच.

अशा कल्पना केवळ आपल्याकडे होत्या असेही नाही. १८४१ मध्ये जर्मनीतील डीफेनबाख या नामांकित शल्यवैद्याने तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी छेद घेण्याच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. रुग्णांनी असह्य यातना भोगल्या, आणि ही पद्धत लवकरच मागे पडली. दोष जिभेत नसल्याने जीभ कापून तो जाणार तरी कसा?

आज असे मानले जाते की, तोतरेपणाचे मूळ मेंदूच्या कार्यपद्धतीत आहे. बोलणे ही वरवर सोपी वाटणारी क्रिया श्वास, कंठ, जीभ, ओठ व जबडा यांच्या अनेक स्नायूंच्या अचूक मेळावर अवलंबून असते. हा मेळ जुळविणाऱ्या मेंदूतील भागांचे परस्परांशी असलेले दळणवळण तोतऱ्या व्यक्तींमध्ये काहीसे निराळे आढळते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी संबंधित जनुकीय बदल प्रथमच निश्चित केले. भीती, थकवा किंवा घाई यांनी अडखळणे वाढते हे खरे, परंतु त्यांनी ते निर्माण होत नाही. यास्तव कोणत्याही मातेने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

आरतीत अडखळत नाही, वर्गात अडखळतो

याचा एक प्रत्यय कोकणातल्या कोणत्याही वाडीत येऊ शकतो. गणपतीच्या दिवसांत घरोघर आरत्या होतात, भजने रंगतात, जाखडीचा फेर धरला जातो, आणि शिमग्याच्या सुमारास नमनाचे खेळ होतात. एरवी दोन शब्द बोलताना घामाघूम होणारा मुलगा अशा वेळी सर्वांच्या सुरात सूर मिळवून म्हणू लागतो, तेव्हा बहुधा त्याला एकही अडथळा येत नाही. घरची माणसे म्हणतात, ‘गाताना नीट म्हणतोस ना? मग बोलताना नाटकं कशाला?’

हा प्रश्न अज्ञानातून येतो, पण घाव खोलवर करतो. गाताना शब्द ठरलेले असतात, ताल त्यांना वाट दाखवितो आणि स्वर लांबविले जातात. समूहात म्हणताना शेजाऱ्याचा आवाज आधार देतो. संभाषणात यांपैकी काहीच नसते. तेथे विचार, शब्द व उच्चार यांची जुळणी क्षणाक्षणाला नव्याने करावी लागते. म्हणून सुरात न अडखळणे आणि बोलताना अडखळणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या बाबतीत तितक्याच खऱ्या असतात. त्यात ढोंग नाही आणि आळसही नाही.

शिक्षकांना या गोष्टीचा फार चांगला उपयोग करून घेता येईल. तोतऱ्या मुलाला पाठ वाचण्यास एकट्याला उभे करण्याऐवजी आरंभी दुसऱ्या एका मुलासोबत वाचावयास सांगावे. दोघांच्या आवाजात त्याची वाणी मोकळी होते. आपणही बोलू शकतो हा अनुभव त्याला मिळतो, आणि वर्गालाही तो मिळतो.

शब्दाचा शिक्का

१९३९ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका अनाथालयात २२ मुलांवर एक प्रयोग करण्यात आला. सुरळीत बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगण्यात आले की, ‘तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे दिसतात, नीट बोलता येईल तेव्हाच बोला.’ ही मुले तोतरी झाली असे सिद्ध झाले नाही. परंतु त्यांच्यापैकी अनेक जण बुजरी झाली, बोलणे टाळू लागली, त्यांचे अभ्यासातले लक्ष उडाले. पुढे हा प्रयोग उजेडात आल्यावर संबंधित विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर क्षमा मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने हयात असलेल्यांना भरपाई दिली.

या दुर्दैवी प्रयोगातून शिकण्यासारखे एकच. मुलाला ‘तोतरा’ हे नाव पडले म्हणजे ते हाजिरीपटावरील नावापेक्षाही पक्के होते. वाडीत ते चालते, मैदानावर चालते, आणि कधी कधी, खेदाने म्हणावे लागते, शिक्षकांच्या तोंडीही येते. आपल्या तमाशांत, फार्सांत आणि चित्रपटांत तोतरे पात्र हशा मिळविण्याचे हुकमी साधन म्हणून वर्षानुवर्षे वापरले गेले. प्रेक्षकांतला अडखळणारा मुलगा त्या वेळी काय करीत असेल? तोही हसतो, कारण न हसला तर तो ओळखला जाईल.

उपचार आहेत, चमत्कार नाहीत

वाणीच्या शिक्षणाचे शास्त्र आपल्या देशात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. म्हैसूर येथे १९६५ मध्ये अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईत वांद्रे येथे ९ ऑगस्ट १९८३ रोजी श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले. आज ती वाक् व श्रवण या दोन्ही प्रकारच्या दिव्यांगतेसाठी कार्य करते. मुंबईच्या नायर रुग्णालयासारख्या संस्थांतूनही वाणीचिकित्सकांच्या पिढ्या तयार झाल्या.

वाणीचिकित्सक नेमके काय करतो? तो औषध देत नाही आणि शस्त्रक्रियाही करीत नाही. तो प्रथम ऐकतो. मूल कोठे अडते, किती वेळ अडते, अडल्यावर काय करते आणि कोणते प्रसंग टाळते याची नोंद करतो. त्यानंतर श्वास सोडता सोडता शब्दाची हळुवार सुरुवात कशी करावी, स्वर किंचित लांबवून पुढच्या अक्षराकडे कसे सरकावे, वाक्याचे लहान तुकडे करून मध्ये विसावा कसा घ्यावा, याचा सराव करवून घेतो. अगदी लहान मुलांच्या बाबतीत बहुतेक शिक्षण पालकांनाच दिले जाते. रोज काही मिनिटे मुलाशी निवांत बोलणे आणि सुरळीत बोलल्याबद्दल सहज कौतुक करणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मोठ्या माणसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. चार्ल्स व्हॅन रायपर हे अमेरिकन अभ्यासक स्वतः तोतरे होते. अडखळणे लपविण्याच्या धडपडीतच माणसाची अधिक शक्ती खर्च होते, हे त्यांनी स्वानुभवाने ओळखले. अजिबात न अडखळणे हे ध्येय न ठेवता, अडखळलो तरी सहजपणे, न झगडता पुढे जाता यावे, असे शिक्षण त्यांनी विकसित केले. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांनीही १९२६ पासून लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन वाणीशिक्षकाचे साहाय्य घेतले. त्यांचा दोष नाहीसा झाला नाही. परंतु महायुद्धाच्या काळात नभोवाणीवरून सबंध राष्ट्राशी बोलण्याइतका धीर त्यांना आला. राजाला जो अनेक वर्षांचा सराव करावा लागला तो पंधरा दिवसांच्या शिबिरात साधेल, अशी हमी देणाऱ्या जाहिरातींपासून म्हणूनच सावध राहिलेले बरे. वाणीचिकित्सक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे की नाही, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

परस्परांच्या आधारानेही पुष्कळ काम होते. २००८ मध्ये डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही स्वयंसाहाय्य चळवळ उभी राहिली. अडखळणारी माणसे एकत्र जमतात, एकमेकांसमोर न लाजता बोलतात, हेच तिचे मुख्य साधन. दरवर्षी २२ ऑक्टोबर हा दिवस १९९८ पासून जगभर तोतरेपणाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगतांचा समावेश आहे, आणि वाचा व भाषा दिव्यांगता ही त्यांपैकी एक होय. मात्र तिची व्याख्या करताना स्वरयंत्र काढून टाकणे, वाचाघात अशा शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेला कायमचा दोष असे म्हटले आहे. त्यामुळे सर्वसाधारण तोतरेपणा या व्याख्येत आपोआप बसेलच असे नाही. प्रमाणपत्राचा निर्णय वैद्यकीय तपासणीनंतरच होतो. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणाची जी विभागणी या अधिनियमात केली आहे, तीतही केवळ वाचादोषासाठी स्वतंत्र हिस्सा ठेवलेला नाही. ही वस्तुस्थिती पालकांना आधीच ठाऊक असलेली बरी. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग कार्यरत झाला आहे.

असे असले तरी वाचादोषाकडे पाहण्याची न्यायाची दृष्टी कशी असावी, हे सांगणारा एक महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या निमित्ताने मिळाला आहे. या विद्यार्थ्याची जन्मतः दुभंगलेली टाळू शस्त्रक्रियेने जोडलेली होती. त्याचा आवाज नाकातून येई व उच्चार अस्पष्ट होत. त्याची दिव्यांगता ४४ ते ४५ टक्के ठरविण्यात आली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत त्याने गुण मिळविले होते, परंतु ४० टक्क्यांहून अधिक वाचादोष असल्यास एम. बी. बी. एस. अभ्यासक्रमास अपात्र, असा नियम आड आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने वैद्यकीय मंडळाकडून विचारणा केली ती एवढीच की, हा मुलगा हा अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल काय? मंडळाने अनुकूल अभिप्राय दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. ऑक्टोबर २०२४ मधील सविस्तर निकालपत्रात न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ टक्केवारीचा आकडा पाहून कोणास अपात्र ठरविता येणार नाही. ती व्यक्ती काम करू शकते की नाही, हे पाहिले पाहिजे.

हा निर्णय एका प्रवेशापुरता असला तरी त्यातील विचार आपल्या प्रत्येक तोंडी परीक्षेला आणि मुलाखतीला लागू पडण्यासारखा आहे. उत्तर किती वेगाने आले हे पाहायचे, की उत्तर बरोबर आहे हे पाहायचे? लेखापाल, यंत्रकारागीर, नकाशाकार किंवा बागायतदार यांच्या कामात जिभेच्या चपळाईचा संबंध कितीसा येतो? आणि ज्या कामात बोलणे अटळ आहे, त्या शिक्षकाच्या, वकिलाच्या, डॉक्टरच्या कामातही अडखळणारी माणसे यशस्वी झालेली आहेत.

मितभाषींची भूमी

बोलणाऱ्याचे कुळीथही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू तसेच पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना किंवा आंब्याच्या हंगामात दलालाशी भाव ठरविताना ती खरीही वाटते. परंतु याच जिल्ह्याचा इतिहास तिला दुसरी बाजू दाखवितो.

खेड तालुक्यातील शेरवली येथे १८५८ मध्ये जन्मलेले आणि दापोली तालुक्यातील मुरुड येथे वाढलेले महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या वाणीत दोष नव्हता. पण ते स्वभावाने बुजरे व मितभाषी होते, आणि फर्डे वक्ते तर कधीच नव्हते. सतराव्या वर्षी ते परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाच्या वाटेने पायी साताऱ्यास गेले. तेथे परीक्षकांना त्यांच्या वयाची खात्री पटली नाही आणि त्यांना परत पाठविण्यात आले. सतरा वर्षांच्या त्या किरकोळ मुलाला आपली बाजू मांडता आली नाही म्हणून त्याची योग्यता कमी होती काय? याच मुलाने पुढे १९१६ मध्ये भारतातील पहिले महिला विद्यापीठ उभे केले, आणि १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. त्यांचे बोलणे मोजके होते, काम अखंड होते. माणसाचे मोल त्याच्या वक्तृत्वावर करू नये, याला रत्नागिरीकरांना याहून जवळचा दाखला नको.

आपण काय करावे?

अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांच्याकडे या कामाची पहिली पायरी आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते, आणि टाळू दुभंगणे, जन्मजात बहिरेपणा व भाषाविकासातील विलंब या गोष्टी तीत पाहिल्या जातात. तपासणीचे पथक येते त्या दिवशी ‘हे मूल अडखळते’ एवढे वाक्य न विसरता सांगावे. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, घराण्यात कोणी तोतरे असले, किंवा बोलताना मूल डोळे मिटू लागले, मान झटकू लागले, बोलणेच टाळू लागले, तर ‘मोठेपणी सुधारेल’ म्हणून वाट पाहू नये. मुंबई साडेतीनशे किलोमीटरवर आहे आणि मंडणगडच्या किंवा राजापूरच्या वाडीतून जिल्ह्याच्या गावी येणेही खर्चाचे आहे, ही अडचण खरी आहे. परंतु वाणीचे शिक्षण आता दृक्-श्राव्य दूरसंपर्काद्वारेही देता येते. पहिली तपासणी झाली की पुढचा बराचसा सराव घरी होऊ शकतो.

शिक्षकांनी हाजिरी घेताना ‘हजर’ शब्दासाठी अडणाऱ्या मुलास हात वर करण्याची मुभा द्यावी. वाचनाची पाळी क्रमाने लावू नये. पाळी जवळ येत असल्याची भीती त्या मुलाला पहिल्या बाकापासून छळत असते. त्याला वगळूही नये, कारण वगळणे हीदेखील शिक्षाच. एकांतात त्यालाच विचारावे की, ‘तुला कसे सोयीचे पडेल?’ नक्कल करणाऱ्यांना मात्र तेथल्या तेथे थांबवावे.

पालकांनी ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘पुन्हा म्हण’ असे पालुपद सोडून द्यावे. हे सल्ले प्रेमाने दिले जातात, परंतु मुलाला त्यांतून एवढेच कळते की, मी काय सांगतो याकडे आईबाबांचे लक्ष नाही, कसे सांगतो याकडे आहे. त्यापेक्षा आपणच थोडे सावकाश बोलावे. जेवताना प्रत्येकाला बोलण्याची पाळी मिळावी. मुलाच्या डोळ्यांकडे पाहावे, त्याचा शब्द आपण पुरा करू नये, आणि वाक्य संपेपर्यंत थांबावे.

हे थांबणे किती वेळाचे असते? घड्याळ लावून पाहिले तर बहुधा काही सेकंदांचे. ऐकणाऱ्याला ते सेकंद लांब वाटतात, बोलणाऱ्याला तर अनंत वाटतात. त्याला औषध मिळेल, न मिळेल. वाणीचिकित्सक गावाजवळ असेल, नसेल. तेवढे सेकंद मात्र देणे प्रत्येकाच्या हाती आहे आणि त्यासाठी कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

पालीचा तो विद्यार्थी उद्याही गाडीत बसेल. त्याचे ओठ मिटतील, ‘प’ पुन्हा अडून बसेल. त्या वेळी वाहकाने त्याच्याकडे शांतपणे पाहिले, शेजारच्या आजोबांनी ‘अरे, बोल ना लवकर’ असे म्हटले नाही आणि मागच्या बाकावर कोणी हसले नाही, तर तो अडखळेल खरा, पण आपल्या गावाचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगेल. त्याला पालीचेच तिकीट मिळेल. आपणा सर्वांकडून त्याची अपेक्षा एवढीच आहे.